चोवीस कागद, एक वाडगा भात

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. खाडीची शपथ घेऊन सांगतो, त्या दुपारी मी स्वतः धक्क्यावर उभा होतो.

म्हणजे अगदी धक्क्यावर नव्हतो. वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांत होतो. आणि उभा नव्हतो, जेवून आडवा झालो होतो. पण ऐकू सगळं येत होतं. जे ऐकू आलं नाही ते पुढे तेरवणकर मास्तरांनीच मला सांगितलं, आणि मास्तर जन्मात कधी खोटं बोलले नाहीत. गावाला त्यांचा त्रास होता तो त्याचाच.

"...पण मग हे धरत का नाही, बाबा?"

कासमबाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, मी विचारतोय. हे धरत का नाही?"

"किती वाजले?"

"दोन वाजून दहा मिनिटं."

"लाँच?"

"चारची."

"मग जेवू दे."

मास्तर उभेच राहिले. छातीशी चोवीस कागद धरलेले. साधे, घरच्या प्रिंटरवर निघतात तेवढे. शर्टाच्या खिशात लाल पेन, पायात पॉलिश केलेले बूट. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, तरी रविवारीसुद्धा बूट.

कासमबाबा म्हणजे धक्क्यालगतच्या दर्ग्याच्या पडवीत राहणारे फकीर. एके काळी गलबतांची शिडं शिवायचे. गलबतांना इंजिनं आली, शिडं गेली, बाबांच्या हातात नुसतं दाभण उरलं. मग ते फकीर झाले. नक्की कोणत्या साली, ते त्यांनाही सांगता येत नसे. कलेक्टर आला तरी त्याला अरे म्हणत, आणि कुत्र्याला अहो.

मास्तर एरवी त्यांच्याकडे फिरकत नसत. दर्ग्यात जाणाऱ्या पोरांना त्यांनी वर्गात उभंही केलेलं. पण आज दुसरा उपाय नव्हता.

झालं होतं असं.

मंगळवारी मास्तरांची बहीण शालूआत्या निरोप घेऊन आली. चहाही न घेता, उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "दादा, सुमी येत्येय. म्हणजे येत नाही, जात्येय. रविवारी चारच्या लाँचने पलीकडे, सासरच्या लग्नाला. आपल्या धक्क्यासमोरून जाणार."

मास्तरांनी चष्मा काढला.

"ती म्हणाली, बाबांना मी हवी असले तर धक्क्यावरून तसं दाखवू देत. मी उतरेन. नाही दाखवलं तर पुढे जाईन, आणि पुन्हा या वाटेला येणार नाही. एकदा मी विचारलंय, आता त्यांनी विचारायचं."

"फोन नंबर दे तिचा."

"नाही देणार. मला शपथ घातल्येय तिने. आणि दादा, हात दाखवून भागायचं नाही हो. हात काय, कोळणीपण दाखवतात. तिला कळलं पाहिजे की तिलाच बोलावतायत."

तिला घर सोडून अकरा वर्षं झाली होती. सुमेधा, मास्तरांची एकुलती एक मुलगी.

आपल्या धक्क्याला गाळ साचल्यापासून लाँच मधल्या खोल पाण्यातून जाते. कोणी खूण केली तरच वळते. इंजिनाचा आवाज असा, की हाक मारलेली आपली आपल्याला ऐकू येत नाही. म्हणजे लिहूनच दाखवायला हवं. तेही मोठं.

बाजारात फ्लेक्सवाला आहे. पण तो मजकूर मोठ्याने वाचतो. "सुमेधा घरी ये... एवढंच? किती बाय किती? फोटो कुणाचा टाकू, मास्तर?" संध्याकाळी अख्ख्या बाजारात झालं असतं. शिवाय मास्तरांकडे तिचा फोटो होता तो दहावीच्या हॉल तिकिटावरचा.

तेव्हा मास्तरांनी घरचा प्रिंटर काढला. प्रश्नपत्रिका छापायला घेतलेला. 'सुमेधा, घरी ये' एवढी चार शब्दांना एक कमी अशी ओळ कॉम्प्युटरवर घेतली आणि तिचे चोवीस तुकडे केले. वर बारा कागद, खाली बारा. एकेक अक्षर हातभर उंच. कुठल्याही पोराला विचारा, मोठा बॅनर घरी असाच निघतो. तुकड्यांत.

सकाळी अकराला ते सगळं पारदर्शक चिकटपट्टीने जोडून, गुंडाळी करून, मास्तर धक्क्यावर आले. उलगडून पाहिलं...

वारा काय सांगू! मधोमध उसवलं ते, मग कडेने, मग सगळे चोवीस कागद धक्क्यावर पत्त्यांसारखे पसरले. मास्तर त्यांच्यामागे धावले. मी धावलो असतो, पण मी सांगितलं ना, आडवा झालो होतो, मी लवकर जेवतो.

तर आता इकडे पडवीत बाबांचं जेवण अर्ध्यावर आलं.

"बघू."

मास्तरांनी दोन कागद पुढे केले. बाबांनी उष्टा हात मागे ठेवला, डाव्या हाताने एक उचलला, आणि त्याची कड अंगठ्याने चाचपली. वरची. खालची. डावी. उजवी.

"इथे काय होतं?"

"कुठे?"

"कडेला. कापलंयस ते."

"काही नव्हतं. पांढरं होतं नुसतं. तो प्रिंटर अगदी टोकापर्यंत छापत नाही, बाबा. प्रत्येक कागदाला चारी बाजूंनी बोटभर कोरं सोडतो. अक्षरांमध्ये फटी दिसल्या असत्या. म्हणून स्टीलची पट्टी ठेवून ब्लेडने..."

"सगळं कापलंस?"

"चोवीसच्या चोवीस. चारी बाजू." मास्तरांचा आवाज नकळत उंचावला. "सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. बघा ना, कागदाला कागद लावला तर फट सापडायची नाही."

"नाही सापडायची," बाबा म्हणाले.

"मग?"

"मग चिकटवायचं कशावर?"

...

मास्तरांनी कागदांकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग परत कागदांकडे.

"दोन कडा ठेवायच्या होत्या," ते हळू म्हणाले. "उजवी आणि खालची. कोऱ्या कडेवर पुढचा कागद बसला असता. दोनच कापायच्या... चौथीतल्या पोरानेसुद्धा..."

"चौथीतल्या पोराने ठेवल्या असत्या."

"पुन्हा छापतो."

"छाप."

"शाई नाही. एकोणिसाव्यालाच संपत आली होती. हे बघा, 'ये' राखाडी आलाय. आज रविवार, दुकान बंद." मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "दोन वीस झाले. बाबा, तुम्ही शिडं जोडायचात. दाभणाने हे शिवता येईल?"

"कागद?"

"हो."

बाबा हसले. दात चारच होते, पण हसू पूर्ण होतं.

"मास्तर, तुझ्या पोरीने पत्र लिहिलं होतं म्हणे."

मास्तर ताठ झाले. "त्याचा इथे काय संबंध?"

"जेवताना मला गोष्ट लागते."

"वेळ नाहीये, बाबा!"

"तर मग लवकर सांग."

खाडीत ओहोटीचं पाणी आता वळत होतं. एक बगळा धक्क्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"लिहिलं होतं," मास्तर म्हणाले. "एक. लग्नानंतर सहा महिन्यांनी."

"मग?"

"मी परत पाठवलं."

"न वाचता?"

"वाचून. वाचून... तपासून."

बाबांनी पुढचं विचारलं नाही. मास्तरच बोलायला लागले, जशी वर्गात उभी केलेली पोरं गप्प राहवेना म्हणून बोलतात तसे.

"अंतर्देशीय पत्र होतं. चारी कडांपर्यंत लिहिलेलं. जागा संपली तेव्हा उभं धरून बाजूला लिहिलेलं. डिंकाच्या पट्टीवरसुद्धा. शाळेत पंचवीस वर्षं मी एकच ओरडत आलो, समास सोडा, समास सोडा. माझ्याच मुलीने... मी डावीकडे लाल रेघ मारली. खाली लिहिलं, 'समास सोडलेला नाही. पुन्हा लिहिणे.'"

बाबांचा घास हातातच राहिला.

"तिने पुन्हा लिहिलं?"

"नाही."

"...समास म्हणजे काय रे?"

"कडेची कोरी जागा, बाबा. वहीत रेघ मारून सोडतात ती."

"अच्छा."

बाबांनी घास खाली ठेवला. चोवीस कापलेल्या कागदांकडे पाहिलं.

मास्तरांनीही त्या कागदांकडे पाहिलं. आणि मग त्यांनी असं केलं, जे गावात कोणी कधी पाहिलं नव्हतं. पॉलिशच्या बुटांसकट ते फरशीवर खाली बसले.

"चार वाजता ती जाईल," ते म्हणाले. "बाबा, ती जाईल हो."

पडवीच्या तोंडाला पडदा म्हणून जुन्या शिडाचा तुकडा लावलेला होता. दोन पट्टे मध्ये जोडलेले. मीठ आणि ऊन खाऊन कापड विरलेलं.

"तो ओढ."

"कशाला?"

"ओढ. मास्तर आहेस ना? पोरांचे कान ओढायचास तसा ओढ. शिवणीवर."

मास्तर उठले. दोन्ही हातांनी शिवणीच्या दोन बाजू धरून ओढलं. टर्रकन फाटलं.

"आता बघ काय फाटलं."

कापड फाटलं होतं. शिवणीच्या शेजारी, उभं. शिवण होती तशीच होती, दोन पट्टे एकमेकांवर चढलेले, जाड, काळपट, मध्ये दुहेरी दोरा.

"ह्याचा किती भाग आत गेलाय?" बाबांनी विचारलं.

"तीन बोटं."

"कुणाचा?"

मास्तरांनी निरखून पाहिलं. "दोघांचा."

"हं."

बाबांनी ताटलीकडे हात नेला. कालवण एका बाजूला होतं. दुसरीकडे वाडग्यात भात होता, मऊ, अजून न कालवलेला. तो वाडगा त्यांनी मास्तरांच्या पुढे सरकवला.

"लहानपणी पाकीट कशाने चिकटवायचास?"

"शितांनी."

"मग कुस्कर."

"पण बाबा, तुमचं जेवण..."

"तुझे दोन पंचवीस झाले."

मास्तरांनी बाही दुमडली आणि भात कुस्करायला घेतला. हात थांबत नव्हते, पण तोंड सुरूच.

"एकावर एक चढवले तर अक्षर खाल्लं जाईल. इथे कोरं नाहीये, छापलेलंच आहे. 'मे'ची दांडी जाईल. 'धा'चा काना निम्मा..."

"जाऊ दे."

"वाकडं दिसेल!"

"दिसू दे."

"तिचं अक्षर वाकडं आलं की मी तिच्या बोटांवर पट्टी मारायचो, बाबा. आणि आता मी असलं..."

"शितं लाव."

पहिला कागद पडवीच्या फरशीवर पालथा न ठेवता उताणा ठेवला. दुसऱ्याच्या कडेला मागून शितं चोळली. मास्तरांनी तो पहिल्यावर चढवला. जरासा. नखाएवढा.

"अजून."

आणखी नखाएवढा.

"अजून, मास्तर."

"बाबा, 'सु'चं पोट जातंय!"

बाबांनी वाकून स्वतःचा अंगठा कागदावर ठेवला आणि रेटलं. दोन बोटं आत. 'सु'चं पोट गेलं. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाबा पुढच्या कागदाची कड चोळत होते.

तीनला बारा कागद झाले. पावणेचारला चोवीस. मध्ये दोनदा मास्तरांनी धक्क्यावर जाऊन पाहिलं, लाँच लवकर तर येत नाही. आपली लाँच आजवर कधी लवकर आलेली नाही, तरी गेले. एकदा मजकूर उलटा लागतोय असं वाटून घाम फुटला. एकदा कुत्रा येऊन 'घ'चा भात चाटायला लागला. बाबा म्हणाले, "अहो, जरा थांबा, कार्य आहे."

झालं ते जे झालं, त्याला बॅनर म्हणायला जीभ वळत नाही. कुठे सुरकुत्या, कुठे फुगे. ओळ आधी चढणीला लागलेली, मग उतारावर. स्वल्पविराम तर पूर्ण गिळला गेला होता. 'सुमेधा' हे नाव आखूड बाह्यांचा सदरा घातल्यासारखं दिसत होतं, आणि 'ये' राखेसारखा फिका.

पण धरलं होतं. मास्तरांनी एका टोकाने उचललं, सगळं उठलं.

"हे मी तिला दाखवू?" मास्तर म्हणाले. "हे?"

"दुसरं आहे तुझ्याकडे?"

भोंगा वाजला.

मास्तर धावले. धक्क्यावर दोर बांधायचा लोखंडी खांब आहे, एक टोक बाबांनी त्याला सुतळीने बांधलं. दुसरं टोक मास्तरांनी दोन्ही हातांनी छातीच्या वर धरलं.

लाँच वळणावरून बाहेर आली. लांब, मधल्या पाण्यात. बोटभर दिसत होती.

वारा पुन्हा सुटला. कागद फडफडायला लागले. गंमत बघा, खांबाकडची बाजू शांत होती आणि मास्तरांची बाजू फडफडत होती. खाडीवरचा वारा असतोच लहरी.

"थांबत नाहीये," मास्तर म्हणाले.

"हं."

"बाबा, वेग कमी होत नाहीये."

"धर तू."

लाँच समोर आली. डेकवर माणसं दिसत होती, रंग दिसत होते, चेहरे दिसत नव्हते. कोणी हात हलवला नाही. कोणी उठलं नाही. लाँच समोरून पुढे सरकली. खरंच सरकली. आता तिची पाठ दिसायला लागली होती.

मास्तर ओरडले. "सुमे!" त्यांनाही ऐकू गेलं नाही. इंजिन होतं ना.

"गेली," ते म्हणाले. "बाबा, तिला वाचता आलं नाही. एक अक्षर धड नाही, कशी वाचणार? मी सांगत होतो. मी सांगत होतो तुम्हाला..."

बाबा पाण्याकडे बघत होते.

"सगळं तुमच्यामुळे!"

"हात खाली नको घेऊ."

"आता काय उपयोग?"

"खाली नको घेऊ."

लाँचच्या मागच्या कठड्याशी कोणीतरी उभं राहिलं होतं. साडी होती की ड्रेस, ते कळत नव्हतं. हात कपाळावर धरला होता, उन्हात बघायला धरतात तसा. ती व्यक्ती पुढे वाकली. मग बाजूला सरकली. मान तिरकी केली. पुन्हा वाकली. शेजारच्याला काहीतरी विचारलं, त्यानेही मान तिरकी केली. मग ती लगबगीने पुढे, लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या केबिनकडे गेली.

भोंगा वाजला. आखूड, एकदाच.

लाँचचं नाक हळूहळू धक्क्याकडे वळायला लागलं.

इथे मला एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. ह्या गोष्टीतला वारा मी घातलेला आहे. त्या दिवशी वारा नव्हता. सकाळी अकरालाही नव्हता आणि चारलाही नव्हता, सुरूचं एक पान हललं नाही. कागद सुटले ते मास्तरांच्या हातांनी, आणि फडफडत होते तेही मास्तरांच्या हातांनीच. मोठा माणूस, पंचवीस वर्षं गावाची पोरं शिकवलेला. त्यांचे हात असे कापत होते हे लिहायला जिवावर आलं, म्हणून मी वारा सोडला. ती उतरल्यावर दोघं काय बोलली, तेही मी छान रचलं होतं. ते काढून टाकलं.

बाकी सगळं खरं. आणि हे शेवटचं तर माझ्या कानांनी ऐकलेलं.

लाँच जवळ येत होती. इतकी जवळ, की गाळात रुतेल म्हणून तांडेल ओरडत होता. पुढच्या टोकाला ती उभी होती, अजून मान तिरकीच, ओठ हलत होते, अक्षर अक्षर लावत होती.

मास्तरांना ते बघवेना. कागदाच्या आडून ते म्हणाले, "बाबा, अजून वाचता येत नाहीये तिला. एवढं कसं हो वाईट झालं? जरा नीट जमलं असतं तर..."

बाबा खांबाची सुतळी सोडत होते.

"नीट जमलं असतं," ते म्हणाले, "तर लांबूनच वाचून गेली असती."